इतर विद्युत उपकरणांपासून दूर ठेवा

"हे उपकरण इतर विद्युत उपकरणांपासून दूर ठेवा," एवढं वाक्य सूचनाकाराने टाइप केलं, पूर्णविराम दिला, आणि त्याचं कोपर लागून ते उपकरण लॅपटॉपवर आडवं झालं.

उपकरण म्हणजे खोलीत वाफ सोडणारं यंत्र. पोटभर पाणी प्यायलेलं. ते सगळं पाणी कीबोर्डच्या फटींतून निवांतपणे आत उतरलं. पडदा निळा झाला, मग काळा झाला. आतून कुणी घसा खाकरावा तसा आवाज आला आणि मग तोही नाही.

मिक्सर, इस्त्री, धुलाईयंत्र यांच्या खोक्यात घडी घातलेलं जे पत्रक असतं, आणि जे खोक्याबरोबरच कचऱ्यात जातं, ते लिहिणं हा या गृहस्थाचा पोटाचा धंदा. म्हणून मित्र त्याला सूचनाकार म्हणत. बायको काही म्हणत नसे, नुसती बघत असे. आई मात्र त्याची पन्नाशी उलटली तरी 'छोट्या'च म्हणे.

बायको टॉवेल घेऊन धावत आली.

"कामाचं गेलं का सगळं?"

"कामाचं कंपनीकडे आहे."

"मग असं तोंड कशाला केलंय?"

"आई आहे गं यात."

बायकोने टॉवेल खाली ठेवला.

उपकरणाची ओळख

गेल्या वर्षी आईने त्याला खोलीत बोलावून घेतलं होतं. "मला तुझ्या त्या यंत्रात बोलायचंय," ती म्हणाली होती.

"काय बोलायचंय?"

"ते माझं मी बघीन. तू चालू करून दे आणि बाहेर जा. आणि कुलूप हवं. चांगलं. तुलासुद्धा उघडता येणार नाही असं."

लॅपटॉपमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर त्याचं काम होतं. रिकामी होती ती त्याने आईला दिली आणि कुलूपही असं घातलं की पासवर्डशिवाय ब्रह्मदेवालाही ती उघडता येऊ नये. मग रोज दुपारी झोप झाली की आई टेबलाशी बसे. "फिर तिकडे," म्हणे. सूचनाकार भिंतीकडे तोंड करून उभा राही. मागे एका बोटाने टक, टक, टक चाले. चहाला उकळी यावी इतका वेळ चाले. मग तो माईक लावून देई आणि दार ओढून बाहेर पडे.

एके दिवशी ती म्हणाली, "झालं. एकदाच बोलायचं होतं, बोलले. आता हे मी गेल्यावर उघडायचं."

"आणि पासवर्ड?"

"वेळ आली की सांगेन."

"पण आई, वेळ आल्यावर तू... म्हणजे सांगायला..."

"ते माझं मी बघीन म्हटलं ना!"

आत काय असणार, हे सूचनाकाराला माहीतच होतं. आईचं बालपण, तिचं लग्न, वडिलांचे किस्से. वडील गेले तेव्हा त्यांचे चष्मे, बूट, रागावून तोडलेली छत्रीसुद्धा घरात उरली होती. आवाज तेवढा कुठेच उरला नव्हता. म्हणून हा आवाज त्याला हवा होता. इतका हवा होता की 'महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा' हे वाक्य स्वतः अनेक पत्रकांत लिहूनही त्याने ती काढली नव्हती.

दुरुस्तीसाठी अधिकृत केंद्रातच जा

अधिकृत केंद्राने हात वर केले. दुरुस्तीवाल्या बाईंचं दुकान जिन्याखाली होतं. अंड्यांच्या खोक्यांच्या खळग्यांत स्क्रू, एका पायाने लंगडणारं स्टूल, आणि भिंतीवर 'घाई असेल तर घरीच थांबा' अशी पाटी. बाईंनी लॅपटॉप उघडला, हुंगला आणि बाजूला सारला.

"हा गेला. डिस्कमध्ये जीव आहे."

"हुश्श!"

"हुश्श काय, काका? कुलूप आहे तिला. उघडल्याशिवाय मला नक्कलही काढता येत नाही. पासवर्ड बोला."

"तो आईला माहीत आहे."

"मग विचारा आईला."

"ते... जरा अवघड आहे. अंदाजाने टाकून बघितला तर?"

"बघा की. चुकला की ही बंद पडणार, परत चालू करावी लागणार. परत चालू होईलच असं मी सांगत नाही. पाणी प्यायलीय ती. आज फिरतेय, उद्याचं मला विचारू नका."

सूचनाकार घरी निघाला.

समस्या आणि उपाय

समस्या: पासवर्ड माहीत नाही.

उपाय: आईला विचारा. लॅपटॉपचं मात्र कळू देऊ नका, कारण ती एकदाच बोलणार होती आणि बोलून झाली आहे.

आई खिडकीशी बसून बटण शिवत होती. सूचनाकार तिच्यासमोर बसला, उठला, पुन्हा बसला.

"आई, सहज विचारतो हं. अगदी सहज. तो पासवर्ड समजा आत्ताच सांगून ठेवलास, तर..."

आईची सुई थांबली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग शांतपणे दोरा तोडला.

"म्हणजे वेळ आली."

"नाही नाही! कसली वेळ?"

"गेल्या आठवड्यात माझं रक्त घेतलं होतं. त्याचं काय आलं?"

"सगळं उत्तम आलंय! अगदी नॉर्मल!"

"छोट्या, तुझे कान लाल झालेत."

झालेच होते. लहानपणापासून खोटं बोलताना त्याचे कान पेटत. रक्ताचा अहवाल खरोखरच उत्तम होता. खोटं लॅपटॉपचं होतं. पण कानांना तेवढा फरक कुठून कळणार?

"बरं," आई म्हणाली. "ताईला फोन लाव."

समस्या: ताई आली.

ताई म्हणजे सूचनाकाराची थोरली बहीण. ती दारातूनच रडत आली, हातात राहायला आल्यासारखी बॅग. "अहवाल लपवलास? सख्ख्या बहिणीपासून?" सूचनाकाराने तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. ताईचं रडणं फट्‌कन थांबलं.

"म्हणजे आईला काही झालेलं नाही?"

"नाही."

"आणि ती माझ्याबद्दल जे बोललीय, ते सगळं गेलं?"

"तुझ्याबद्दल बोललीय हे तुला कुणी सांगितलं?"

"वर्षभर बोललीय, छोट्या! मी नसेन त्यात? थांब, मी काढते तिच्याकडून पासवर्ड."

ताई डोळे पुसत बाहेर गेली आणि आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, तसं घाबरण्यासारखं काहीच नाहीये हं. पण सांगून मोकळी हो. उगाच मनात ठेवू नये या वेळी."

"या वेळी," आई म्हणाली. आणि तिने डॉक्टरांना फोन केला. स्वतःच.

समस्या: डॉक्टर आले.

"डॉक्टर, मी लहान मूल नाही. खरं काय ते सांगा."

"आजी, तुम्ही ठणठणीत आहात. तुमच्यापेक्षा माझाच रक्तदाब जास्त आहे."

डॉक्टर आणखी काही बोलतील आणि भलतंच प्रकरण बाहेर येईल, या धास्तीने सूचनाकार आईच्या पाठीमागे उभा राहून ओठांवर बोट ठेवत होता, हात हलवत होता. डॉक्टरांना कशाचा काही पत्ता नव्हता. पण कुणी एवढ्या कळवळून गप्प बसायला सांगितलं की कोणताही डॉक्टर गंभीर होतो. ते गंभीर झाले.

आई हे सगळं समोरच्या कपाटाच्या काचेत बघत होती.

"तुम्हालाही शिकवून ठेवलंय वाटतं," ती म्हणाली. "असू दे. चहा घेऊन जा."

इशारा

आईने केस विंचरले. कपाट उघडलं. गरम शाल ताईपुढे ठेवली, जुना रेडिओ सूचनाकारापुढे, आणि मोठा कुकर सुनेपुढे. "शिट्टी जरा अडते, खालून टिचकी मारायची," एवढं सांगायला विसरली नाही.

तेवढ्यात फोन आला. "काका, डिस्क गरम व्हायला लागलीय. मी दुकान बंद करायच्या आत काय ते आणा."

आणि नेमकं तेव्हाच आई म्हणाली, "आता पासवर्ड सांगते. सगळे बाहेर व्हा. सूनबाई तेवढी थांबेल."

"सूनबाई?" सूचनाकार म्हणाला.

"वहिनी?" ताई म्हणाली.

दार बंद झालं. दोघं भावंडं बाहेर उभी. ताईने शालीच्या टोकाला डोळे पुसले. "पोटच्या पोरांना बाहेर काढलं. बघ, छोट्या, बघ."

बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली. तिचे डोळे ओले होते.

"सांगितला?"

"सांगितला."

"चल, लगेच दुकानात चल!"

"कशी येऊ? त्या असेपर्यंत कुठेही वापरणार नाही, असा शब्द दिलाय मी."

"अगं, पण..."

"त्यांच्या हातात हात देऊन शब्द दिलाय हो."

क्षणभर तिघांच्याही मनात एकच विचार येऊन गेला, आणि तिघांनीही घाईघाईने तीन दिशांना बघितलं.

मग सूचनाकार आत गेला. शाळेत काच फोडून घरी आला होता, तसा तो आईच्या पलंगाशी उभा राहिला.

"आई, तू मरत नाहीयेस."

"मग कोण मरतंय?"

"लॅपटॉप. मेला. तुझं बोलणं अडकलंय त्यात. डिस्क आजच्यापुरतीच चालतेय. मला वाटलं, तुला कळलं तर..."

आई पलंगावर सरसावून बसली.

"पाणी सांडलंस?"

"हो."

"ते टेबलावर वाफेचं यंत्र होतं, त्याचं?"

"हो."

"कोपराने?"

"...हो."

आईने दारातून डोकावणाऱ्या लेकीला हाक मारली. "ताई, ती शाल ठेव इकडे. सूनबाई, कुकर जागेवर ठेव. आणि दुकानात जाऊन ये, मी तुला शब्दातून मोकळं केलंय. तू एकटी."

"आई, मलाही जाऊ दे," सूचनाकार म्हणाला. "जीव राहणार नाही माझा."

"मग भिंतीकडे तोंड करून उभा राहा."

वापरण्याची पद्धत

सूचनाकार जिन्याखालच्या दुकानात 'घाई असेल तर घरीच थांबा' या पाटीला नाक लावून उभा होता. मागे बायको एका कागदाच्या चिटोऱ्यावरून टाइप करत होती. टक, टक, टक. एखादं अक्षर चुकलं तर? ती मध्येच थांबली, तेव्हा त्याने डोळे मिटले. टक. मग काहीच नाही.

मग डिस्क घुर्र करून फिरली.

"उघडली," दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या. "नक्कल निघतेय. काका, तुम्ही भिंतीकडे का बघताय?"

"आमच्याकडे तशी पद्धत आहे," बायको म्हणाली.

बरंच घुरघुरून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आल्या सगळ्या फाईली. पण एखादी वाजवून बघावी लागेल. कधीकधी नुसती नावं येतात, आत काही नसतं."

बायको घुटमळली. "जराशीच वाजवा."

खर्र झालं, आणि त्या एवढ्याशा दुकानात आईचा आवाज भरून राहिला. सूचनाकाराने कान टवकारले. वडिलांचे किस्से, आता वडिलांचे किस्से...

"सूनबाई, हे तुझ्यासाठी," आई म्हणत होती. "मी गेल्यावर छोट्या तुझ्याच ताब्यात राहणार, म्हणून नीट समजून घे. भाग पहिला. वापरण्यापूर्वी. सकाळी चहा पोटात जाईपर्यंत त्याला काहीही विचारू नये. विचारल्यास येणारं उत्तर ग्राह्य धरू नये. खोटं बोलतोय की काय, अशी शंका आल्यास कान तपासावेत."

बाईंनी तोंडावर हात घेतला.

"इशारा," आईने आवाज चढवला. "पाणी असलेली वस्तू आणि वीज असलेली वस्तू एकाच वेळी छोट्याजवळ ठेवू नये. त्याचं उजवं कोपर लहानपणापासून त्याच्या ताब्यात नाही."

सूचनाकाराने पाटीला टेकलेलं कपाळ उचललं. हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. ग्राह्य धरू नये, शंका आल्यास, तपासावेत. हे सगळे त्याचे होते. मिक्सरचे, इस्त्रीचे, धुलाईयंत्राचे. आपली पत्रकं जगात कुणी म्हणता कुणी वाचत नाही, याची त्याला इतकी वर्षं पक्की खात्री होती.

"समस्या," आई सांगत होती. "रागावून बसतो. उपाय: लगेच हात लावू नये, गार होऊ द्यावा. समस्या: वडिलांची आठवण आली की रेडिओ दुरुस्त करायला घेतो. उपाय: करू द्यावा. रेडिओ चांगला आहे, हे त्याला सांगू नये. बाकी उघडून बघण्याच्या फंदात पडू नये, सूनबाई. चालतोय तसा चालू द्यावा. माल चांगला आहे."

"वाजतेय," बायको घाईने म्हणाली. "बंद करा."

दुरुस्तीवाल्या बाईंनी बंद केलं. मग बाईंनी एक सोडून दोन प्रती काढल्या, आणि दुसरी बायकोच्या पर्समध्ये स्वतः टाकली.

घरी आई खिडकीशी बसून राहिलेलं बटण लावत होती. ताई शालीवरून तिच्याशी अजून वाद घालत होती.

"मिळालं का सगळं?" आईने विचारलं.

"सगळं मिळालं," बायको म्हणाली.

"आणि तू? ऐकलं नाहीस ना काही?"

"छे!" सूचनाकार म्हणाला. "मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो."

आईने सुई खाली ठेवली, चष्मा वर सारला आणि त्याच्या चेहऱ्याच्या डावीकडे बघितलं, मग उजवीकडे बघितलं.

"कुठपर्यंत ऐकलंस?"