कुमुदताईंचा पट्टा

नवऱ्याच्या बीपीच्या दोन गोळ्या मी एकदा साखरफुटाण्यासारख्या तोंडात टाकल्या. कशासाठी? कुमुदताईंच्या परीक्षेत पास व्हायला. वय पन्नास, अक्कल पाच!

आम्ही नोएडात नवे होतो तेव्हाची गोष्ट. सेक्टरात रस्त्याआधी केबल टीव्ही आला होता. कुमुदताई शेजारच्या ब्लॉकमधल्या. निवृत्त नर्स, नवरा गेलेला, मुलगा अमेरिकेत. खांद्याच्या पिशवीत पाऱ्याचं बीपी मशीन कायम. पंचेचाळिशीपुढची बाई दिसली, की भाजीच्या ठेल्याशीसुद्धा तिच्या दंडाला पट्टा! "चुप बिल्कुल! आधी पाच मिनिटं बस. पाय जमिनीला, तोंड बंद." मराठी बायकांना पाच मिनिटं गप्प बसवणारी ही नोएडातली एकमेव व्यक्ती.

माझी पाळी जायच्या बेतात होती. ऐन डिसेंबरात मी पंखा लावी आणि हे रजई घेऊन बाहेरच्या खोलीत पळत. डोकं ठणकायचं. "वयच आहे ते," मी म्हणायची.

"वय राहू दे, पारा बघ," कुमुदताई म्हणाल्या. एकशे साठ! आठवड्याने पुन्हा, दोन्ही हातांवर, तेच. "डॉक्टरकडे जा, नलू. या वयात बीपी चोरपावलांनी चढतं."

पण सगळ्या मैत्रिणी एकशे तीसवाल्या, आणि मी नापास? छे!

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बाहेर कुंकू, आतल्या खोलीत कुमुदताईंचा पट्टा, असा रिवाजच पडला होता. त्याआधी मी यांच्या गोळ्या गिळल्या. तिळगुळाचं ताट उचललं, आणि समोरची भिंत हळूच डावीकडे निघाली. पुढचं ऐकीव: मी गालिच्यावर, लाडू सोफ्याखाली, हलवा कुणाच्या तरी कोऱ्या पैठणीवर.

डोळे उघडले तेव्हा पाय उशांवर होते, दंडाला पट्टा. कुमुदताई पाऱ्याकडे बघत होत्या.

"काय खाल्लंस?"

"यांच्या गोळ्या. दोन."

खोलीभर बायका वाकून बघत होत्या. दारातून हे म्हणाले, "माझ्या?"

डॉक्टर आले, माझ्यावर ओरडले, माझी स्वतःची गोळी नंतर तपासून ठरवू म्हणाले. बायका पांगल्या. आता कुमुदताई फाडून खाणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण त्या माझं मनगट धरून बसल्या. म्हणाल्या,

"नलू, मला हळदीकुंकवाचं बोलावणं कधी आलंय का गं? पट्टा घेऊन आले, की मात्र सगळ्या आपणहून हात पुढे करता. आज तुझा हात गार लागला आणि माझं अवसानच गेलं. असलं पुन्हा करू नकोस. आणि बोलवत जा मला, मशीन न आणता."