पाणबुडीची खिडकी

वारसा जपायचा तर सर्वांत आधी टोप्या लागतात, हे कोणीही जाणकार मान्य करील. म्हणूनच पाणबुडी संवर्धन मित्रमंडळाने पहिलं वर्ष टोपीच्या रंगावर खर्ची घातलं. संग्रहालयाच्या मागच्या आवारात काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवलेली जुनी पाणबुडी तोवर निवांत गंजत राहिली. टोपी मात्र झाली रुबाबदार.

भूगोलाचे निवृत्त मास्तर मंडळात शिरले ते निव्वळ देशप्रेमापोटी. (त्याच आठवड्यात बायकोने माळा आवरायला काढला, हा योगायोग.) समुद्राशी त्यांचा संबंध नकाशापुरता. किनाऱ्याला बांधलेल्या होडीतही त्यांना मळमळलेलं होतं, आणि काँक्रीटवरच्या या पाणबुडीतही मळमळे. पण टोपी चढवली की आरशातला माणूस त्यांना जरा खोल पाण्यातला वाटे. महिन्याभरात ते स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे राहून विचारू लागले, "आत येण्यास परवानगी आहे?"

"भांडी पुसणार असाल तर आहे," बायको म्हणाली.

मंडळाच्या अंतर्गत पाहणीनुसार, शंभरातले नव्वद सभासद पाणबुडी वाचवण्याच्या ठाम बाजूचे होते, नऊ तटस्थ होते आणि एक गंज खरवडत होता. (तटस्थांपैकी एक वारला होता, पण त्याने तसं कळवलेलं नव्हतं.) खरवडणारा तो एक म्हणजे मास्तर. त्यांना भाषण करायचं होतं, पण त्या पदासाठी आधीच रांग होती.

एका रविवारी खलाशांच्या झोपायच्या फळ्यांमागे मास्तर जोर लावून खरवडत होते. पत्रा कुरकुरला, खरवडणी मुठीपर्यंत आत गेली आणि भोकातून बाहेरचं ऊन त्यांच्या टोपीवर पडलं. शत्रूच्या आरमाराला जे आयुष्यभर जमलं नाही, ते मास्तरांनी चहाच्या आधी करून दाखवलं होतं. त्यांनी घाईघाईने टोपी काढून भोकावर धरली. संग्रहालयाला कळलं तर पाणबुडी भंगारात जाईल, आणि जाताना आपलं नाव घेऊन जाईल!

तातडीची बैठक भरली. भोक हा शब्द इतिवृत्तात येऊ नये, यावर एकमत झालं. अध्यक्ष, जे पेशाने दंतवैद्य होते, म्हणाले, "मास्तर, घाबरता काय? पोकळीकडे संधी म्हणून बघायचं." दुसऱ्या दिवशी तिथे पितळी चौकट बसली आणि वर पाटी लागली: 'निरीक्षण खिडकी. खलाशी इथून समुद्र न्याहाळत.' पाण्याखालच्या बोटीला खिडकी कशी, हे कोणीही विचारलं नाही. उलट रांगा लागल्या. लोक डोळा लावून समोरचं तिकीटघर न्याहाळत आणि भारावून बाहेर पडत. मास्तरांना 'वारसा-संशोधक' म्हणून शाल मिळाली. ती त्यांनी निमूट पांघरली. (उकडत होतं, तरीही.)

मग एके दिवशी एक मध्यमवयीन परिचारिका आली. तिचे वडील याच पाणबुडीवर होते, नुकतेच गेले होते. मास्तरांनी उत्साहाने तिला खिडकी दाखवली. तिने पाटी दोनदा वाचली.

"काका, बाबा याच फळीवर झोपायचे. बाहेर दिवस आहे की रात्र, तेही कळायचं नाही, म्हणायचे. इतकी वर्षं सांगत होते, पण खिडकीचं कधी बोलले नाहीत." तिचा आवाज बारीक झाला. "खिडकी होती तर मग उजेडाला एवढे का आसुसले होते?"

मास्तरांच्या ओठांवर उत्तर तयार होतं. काचेच्या जाडीबद्दल काहीतरी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"बाई, खिडकी नाही ती. भोक आहे. मी पाडलंय."

 ती डोळे पुसत चक्क हसली. "अहो, मग बुजवा ना!"

हा उपाय मंडळाच्या एकाही बैठकीत कोणाला सुचलेला नव्हता. मास्तरांनी तो मांडला, तेव्हा अध्यक्षांनी गर्दी घटेल म्हणून हळहळ व्यक्त केली, पण ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. रविवारी सगळे जमणार होते. आले मास्तर, परिचारिका आणि संग्रहालयाचा वेल्डर. चौकट काढली, ठिगळ बसलं. काम संपल्यावर वेल्डरने क्षणभर दिवा मालवला. आत मिट्ट काळोख झाला. परिचारिका वडिलांच्या फळीवर हात ठेवून उभी राहिली, आणि मास्तरांना पहिल्यांदाच त्या बोटीत मळमळलं नाही, फक्त भीती वाटली.

रांगा आटल्या. गंज मात्र नियमित येतो, म्हणून दर रविवारी मास्तर आणि परिचारिका खरवडत असतात.

मंडळाची सभासदसंख्या तरीही वाढतेच आहे, कारण प्रवेशाची अट अगदी सोपी ठेवली आहे: पाणबुडीची हकीकत बसल्या जागी ऐकून मन हेलावलं पाहिजे. तुमचं हेलावलं असेल, तर अभिनंदन. टोपीचं माप कळवा.