किमान पाच अवयव

पुरवठा अधिकारी अवधूतराव यांना भेटायचं असेल तर माणसाने कविता करावी, हा शोध राखीला चौथ्या खेपेला लागला. पहिल्या तीन खेपांना साहेब जागेवर नव्हते. चौथ्या खेपेला शिपायानेच बिंग फोडलं. साहेब स्वतः कवी होते, यवतमाळातल्या एका साहित्य मंडळाच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले होते, आणि संमेलन पार पडेपर्यंत कार्यालयात फक्त त्यांची खुर्ची नियमित हजर राहणार होती.

राखीचं काम तसं एका सहीचं. तिची आई मानीबाई, जिला ती आणि अर्धा तांडा याडी म्हणत असे, चाळीस हंगाम कापूस वेचत आली होती. त्यात अंगठ्याच्या रेषा पार झिजून गेल्या. आता कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातलं यंत्र तिचा अंगठा ओळखत नव्हतं आणि दुकानदार देवीलाल यंत्राच्या शब्दाबाहेर नव्हता. तीन महिने गहू-तांदूळ बंद. अंगठा उमटला नाही तरी धान्य द्यावं, असं साहेबांनी लिहून दिलं की प्रश्न मिटत होता.

राखी बी.ए. झालेली. तिने आपला अर्ज घेतला, 'महोदय' आणि 'आपली विश्वासू' काढून टाकलं, उरलेल्या ओळी मधोमध मोडल्या आणि मंडळाकडे पाठवून दिल्या. आठ दिवसांत बोलावणं आलं.

संमेलनाचा विषय होता 'शरीर : वैयक्तिक आणि राजकीय'. हा विषय पुण्याहून आला होता. तिथे तो दोन वर्षं वापरून जरा सैल झाला होता, पण जिल्ह्याला तो नवाच होता. संयोजिका सुनीतीताई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी प्रत्येक कवितेला एक तक्ता जोडायचा नियम केला होता. अवयवाचं नाव, नग, वैयक्तिक की राजकीय, शेरा.

"कविता चांगली आहे गं," त्या म्हणाल्या, "पण अवयव एकच आहे. नियमाने किमान पाच लागतात."

"मॅडम, बिघाड अंगठ्यातच हाय. बाकी याडी ठणठणीत हाय."

"ठणठणीत असून कसं चालेल? गर्भाशय घाल."

"त्याले काय झालं?"

"ते तू सांगायचं. कवयित्री तू आहेस."

राखीने आईला फोन लावून विचारलं. शेवटी शरीर तिचं होतं. "सहीसाठी लागत असन तं घाल बाप्पा," मानीबाई म्हणाली. "मायं त्याच्यात काय जाते?" मग गर्भाशय आलं, कणा आला, टाच आली, आणि सुनीतीताईंच्या आग्रहाने उजवा गुडघा राजकीय रकान्यात गेला. या गर्दीत अंगठा पहिल्या ओळीवरून एकविसाव्या ओळीवर ढकलला गेला. राखीला वाईट वाटलं, पण तक्ता भरला होता.

संमेलनाला मानीबाईही आली. साकेत नावाचे बँकेतले तरुण कवी आधी उभे राहिले. त्यांची प्लीहा निर्वासित झाली होती. ती नेमकी कुठून निघाली हे दाखवताना त्यांनी हात आधी उजव्या बरगडीवर ठेवला, मग डाव्या. त्यांच्यानंतरच्या भैरवीबाईंच्या बेंबीत अधिवेशन भरलं होतं आणि ते काही केल्या तहकूब होईना. श्रोत्यांत दोन डॉक्टर होते, तेही माना डोलावत होते.

"याईले दवाखान्यात काहून नाही नेत?" मानीबाईने हळूच विचारलं.

राखीचं नाव पुकारलं गेलं. समोर साहेब दिसले आणि तिला एकदम घरातला रिकामा डबा आठवला. तिने जोडलेले चारही अवयव गाळले आणि सरळ अर्जच वाचला.

"माझ्या आईचा अंगठा
उमटत नाही.
तरी
मेहेरबान साहेबांनी
धान्य
सुरू करावे."

एकट्या पडलेल्या 'तरी'ला मागच्या रांगेतून हुंदका आला. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. राखीलाही रडू फुटलं. लोकांना वाटलं, तेही कवितेतच आहे.

अवधूतरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अंगठ्याचं न उमटणं! केवढं मोठं प्रतीक आहे हे."

"साहेब, प्रतीक नाही हो. याडीचा अंगठाच हाय. थे बसली पाहा. तीन महिन्यापासून धान्य नाही भेटून राह्यलं."

"कवीने आपल्या कवितेचं स्पष्टीकरण देऊ नये," साहेब मायेने म्हणाले. "कविता लहान होते."

"मंग एक सही तरी द्या, साहेब."

"ती काय, आनंदाने." त्यांनी पेन काढलं आणि कवितेच्या कागदावर झोकदार सही केली. वर लिहिलं, 'लिहीत राहा.'

दुसऱ्या दिवशी मायलेकी तो कागद घेऊन दुकानात गेल्या. देवीलालने तो उजेडात धरून दोनदा वाचला. "सही साहेबाचीच हाय," तो म्हणाला. "पण शिक्का नाही. अन् 'लिहीत राहा' लिवलं हाय, 'धान्य द्या' नाही लिवलं. मी कायच्यावर देऊ?"

माणूस वाईट नव्हता. त्याने मोबाईल काढून कवितेचा व्हिडिओ दाखवला. "चौदा हजार लोकाईनं पाह्यला, माय. हे पाय, कोणी म्हणते अंगावर काटा आला. कोणी म्हणते काळजात चर्र झालं. हा तं म्हणते, रातभर डोळ्याले डोळा नाही लागला."

मानीबाईने रिकामी थैली झटकली आणि तिची घडी घातली. "एवढ्या लोकाईले एवढं सारं झालं," ती म्हणाली, "त्यातलं कोणी साहेबाकडं गेलं काय?"

देवीलालने पार खालपर्यंत सरकवून पाहिलं. तसं कोणी लिहिलं नव्हतं.

हे वाचताना तुम्हालाही आत कुठे काही हललंसं वाटलं असेल, तर पुरवठा कार्यालय पावणेदहा ते सव्वासहा उघडं असतं. शनिवार-रविवार बंद.