कुणी हात लावायचा नाही

माझा चष्मा पलंगाखाली गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. वाकून दिसेना, काठीने ओढायला गेले तर आणखी आत सरकला. शेवटी मी सरळ जमिनीवर आडवी झाले आणि हात आत घातला. चष्मा मिळाला, पण मी उठले नाही. माझी पाठ, जी कित्येक वर्षं माझ्याशी भांडण काढल्याशिवाय दिवस जाऊ देत नव्हती, ती एकदम गप्प झाली. फरशी गार होती. मी तशीच पडून वर बघत राहिले आणि मनात म्हटलं, अगं बाई, एवढी मोठी खोली आपल्या मालकीची, आणि आपण तिच्यात कधी आलोच नाही.

पलंग त्याच आठवड्यात इस्त्रीवाल्याकडे गेला. त्याच्या घरी माणसं जास्त आणि पलंग कमी; माझ्याकडे माणूस एक आणि पलंग दोघांचा. (दुसऱ्या बाजूचा माणूस जाऊन बराच काळ झाला. तो असता तर पलंग हलला नसता, कारण तो स्वतःच पलंगावरून हलत नसे.) पलंग गेल्यावर कपाट उगीच उभं असल्यासारखं दिसायला लागलं, एखादा माणूस काम नसताना दारात रेंगाळतो तसं. तेही दिलं. मग टेबल म्हणालं आमचं काय, खुर्च्या म्हणाल्या आम्ही टेबलाशिवाय काय करू. सगळ्यांना वाटेला लावलं. उरलं स्वयंपाकघर, माझं हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन, एक चटई, एक उशी, एक चादर आणि मी.

मी शिवणकामावर घर चालवलं आहे. शिकवायला कुणी नव्हतं. लोकांचे जुने कपडे उसवून उसवून मी शिवायला शिकले. वाचायलाही तशीच शिकले. कपड्याचा नमुना कापायला रद्दीतली वर्तमानपत्रं घ्यायची, आणि कात्री लावण्याआधी वाचून काढायची. त्यामुळे माझं ज्ञान अफाट आहे, फक्त बहुतेक बातम्यांचा शेवट कुणाच्या ना कुणाच्या बाहीत गेलेला आहे. सांगायचा मुद्दा, मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. उसवून बघते.

तर मी माझं घर उसवलं, आणि आत काय निघालं ते सांगते. सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतं हे मला ठाऊक होतं, पण ते पूर्वी कपाटाच्या गुडघ्यापर्यंत येऊन थांबायचं. आता ते अख्ख्या खोलीभर चालत जायला लागलं, आणि मी त्याच्या वाटेतून बाजूला व्हायला लागले. एकदा शिंकले तर घर उलट शिंकलं. फरशीच्या एका लादीत एक शिंपला अडकलेला निघाला, दगडातला, कुठल्या तरी समुद्रातला. आम्ही त्यावर इतकी वर्षं कपाटाचा पाय ठेवला होता. आणि खिडकीखालच्या भरलेल्या बादलीवर ऊन पडलं की छतावर त्याची चांदीसारखी जाळी हलायची. मी चटईवर पडून ती बघायची. देवळात गेल्यावर माणसं जशी आवाज न करता बसतात, तशी. मी तोंड मिटून बसण्याबद्दल प्रसिद्ध नाही, हे ओळखीच्यांना सांगायला नको.

आता जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते. पहिल्या सकाळी मला उठताच येईना. पलंगावरून माणूस उतरतो. जमिनीवरून त्याला चढावं लागतं, आणि धरायला काही ठेवलं नव्हतं. मी डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला, रागावून केला. शेवटी भिंतीपर्यंत सरपटत गेले आणि पालीसारखी वर चढले. चहाला दुपार झाली.

गुरू मिळाली ती शेजारच्या घरात. तिथल्या सुनेला एक मुलगी आहे, रांगणारी. सगळे तिला इन्स्पेक्टर म्हणतात, कारण ती घरात शिरली की एकेक वस्तू तपासते आणि खाऊन खात्री करून घेते. तेव्हा ती उभं राहायला शिकत होती आणि माझी रिकामी खोली तिला फार आवडायची. मी बघत बसले. इन्स्पेक्टर आधी पालथी होई. मग चारी पायांवर. मग दोन्ही पंजे जमिनीवर घट्ट ठेवून ढुंगण सरळ आकाशाकडे. आणि मग हात सोडून, डुलत, कशालाही न धरता ती उभी. कुणी शिकवलेलं नाही. मी थक्क झाले. जगात एवढी मोठी कला, आणि आपण ती एकदा शिकून टाकून दिली. मी तिच्या शेजारी पालथी झाले आणि तिच्या मागोमाग सुरुवात केली. ती माझ्याआधी शिकली, हे मान्य करते. तिला वजन कमी होतं.

माझा मुलगा विम्याच्या कचेरीत मोठ्या जागेवर आहे. त्याला चहाचा कप दिला तरी तो आधी कप सांडल्यास काय होईल ते बघतो. त्याने घर पाहिलं, बसायला खुर्ची शोधली, मग दारातच उभा राहिला.

"आई, तू पडलीस तर?"

"मी आधीच खाली आहे. आणखी कुठे पडू?"

पण विम्याच्या माणसाकडे उत्तर नसलं तरी अट असते. ज्या दिवशी दुसऱ्या कुणी हात देऊन मला जमिनीवरून उठवावं लागेल, त्या दिवशी हे घर बंद करायचं आणि मी त्याच्याकडे राहायला जायचं. शिवाय त्याने रोज सकाळी फोन करायचा आणि मी तो उचलायचा. मी म्हटलं, कबूल. आता तुम्ही म्हणाल, मुलाकडे जायला काय झालं? माणसं चांगली आहेत. सूनबाई मला रिकामी कपबशीसुद्धा उचलू देत नाही. तिथे एक सोफा आहे, त्यात मी बसले की खोल जाते आणि मला बाहेर काढायला दोघं लागतात. तिथे मी कायमची पाहुणी. इथे मालकीण. माझ्यासाठी प्रश्न एवढाच होता.

त्या सकाळी जाळी नेहमीपेक्षा मोठी पडली होती. वाऱ्याने बादलीतलं पाणी हलत असावं. अख्खं छत जिवंत झालं होतं, आणि मी तोंड उघडं टाकून बघत होते. माझं कानातलं यंत्र ओट्यावर होतं आणि फोनही ओट्यावर. त्यामुळे फोन वाजला ते फक्त ओट्याला कळलं. मुलाने पुन्हा केला, पुन्हा केला, मग शेजारच्या सुनेला केला. ती इन्स्पेक्टरला कडेवर घेऊन माझ्या खिडकीशी आली. तिला दिसलं ते असं: घरातलं सगळं सामान गायब (ते आधीच गायब होतं, पण घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही), मधोमध म्हातारी, डोळे छताला, तोंड उघडं. तिने हाका मारल्या. म्हातारी हलली नाही.

समोर एक गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही बंबवाले म्हणतो. आयुष्य आग विझवण्यात गेलं. निवृत्त झाल्यापासून कुणाच्या घरी आग लागलेली नाही, आणि ही गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतलेली आहे. शेजारची सून त्यांच्याकडे धावली तेव्हा तिचं वाक्य पुरं होण्याआधी ते रस्ता ओलांडून आले होते म्हणे. दाराला आतून साधी कडी होती. त्यांनी ती विचारात घेतली नाही.

इकडे वारा पडला, जाळी विरली आणि मी उठायचं ठरवलं. पालथी झाले. चारी पायांवर आले. पंजे रोवले आणि गुरूने शिकवल्याप्रमाणे मागचा भाग आकाशाकडे नेला. नेमकं त्याच क्षणी दार बिजागऱ्यांसकट आत आलं. मला ऐकू आलं नाही. फरशीतून तळहातांना कळलं. मी पायांमधून मागे बघितलं तर दाराच्या जागी उजेड आणि उजेडात उलटे बंबवाले.

मी दचकून पालथी पडले आणि पोटरीत पेटका आला. बंबवाले दोन्ही हात पुढे करून माझ्याकडे यायला लागले, आणि मला मुलाची अट आठवली. या माणसाने हात लावला की माझं घर गेलं.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "आधी माझं यंत्र द्या."

शेजारच्या सुनेने यंत्र आणून दिलं, तेही लांबून, हात माझ्या हाताला लागू न देता. मी कानात घातलं तेव्हा बंबवाले म्हणत होते, "घाबरू नका वहिनी, मी आलोय."

"तुम्ही आलात म्हणूनच घाबरले. लांब उभे राहा."

मुलगा येईपर्यंत हे असंच चाललं होतं. त्यांना मला वाचवायचं होतं आणि मी वाचत नव्हते. मुलगा आला, जिथे दार असतं तिथे थबकला, नसलेल्या दारावर सवयीने टकटक करायला त्याने हातही उचलला. मग मला बघून त्याचा चेहरा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला. म्हणाला, "चल आई. बास झालं."

मी म्हटलं, हनुवट्यांशी बोलायची मला सवय नाही, काय ते खाली बसून बोला. बसायला दुसरं काही नव्हतंच. मुलगा कचेरीची पँट सांभाळत बसला. बंबवाले बसले. शेजारची सून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि इन्स्पेक्टरला तिने खाली सोडलं. मुलगा मला समजावायला लागला. तू हट्टी आहेस, आम्हाला झोप लागत नाही, आज हे काका नसते तर. (काका नसते तर दार असतं.) बोलता बोलता तो मागे हातांवर रेलला, मग कोपरांवर, मग पाठ टेकली. इन्स्पेक्टरने तेवढ्यात बादलीची तपासणी सुरू केली होती. पाणी हललं आणि छतावर पुन्हा जाळी आली.

मुलगा बोलायचा थांबला. बंबवाल्यांनी वर बघितलं आणि तेही हळूच आडवे झाले. विम्याचा माणूस, आगीचा माणूस आणि मी, तिघं फरशीवर रांगेत, आणि वर सगळं चमचमत होतं.

"हे रोज येतं?" मुलाने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"रोज."

"मग मी लहान असताना का नाही दिसलं?"

"मध्ये कपाट होतं ना."

माझा हात त्याच्या हाताशेजारी होता. मी धरला नाही. अट म्हणजे अट.

मग त्याच्या खिशात कचेरीचा फोन वाजायला लागला आणि त्याला उठायचं सुचलं. त्याने हात वर केला, धरायला खुर्ची शोधत. हात हवेत फिरून परत आला. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, मग रागावून प्रयत्न केला. हे सगळे प्रयोग माझ्या ओळखीचे होते. बंबवाल्यांनी माणसं खांद्यावर घालून शिड्या उतरलेल्या आहेत, पण स्वतःला उचलायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ते म्हणाले, जरा दम खातो.

तेव्हा इन्स्पेक्टर बादलीपासून निघाली. आमच्या मधोमध येऊन पालथी झाली, चारी पायांवर आली, पंजे रोवले, मागचा भाग वर केला आणि उभी राहिली. मी तिच्या मागोमाग. पेटका गेला होता. पालथी, चारी पाय, पंजे, आकाश, आणि मी उभी. कुणाचा हात नाही, भिंत नाही. मी इतक्या उंचावरून माझ्या मुलाकडे त्याच्या लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं. त्याचं तोंड उघडं होतं, आणि छताकडे बघताना होतं त्याहून जास्त.

"कसं केलंस?" त्याने विचारलं.

"पालथा हो," मी म्हटलं.

तो झाला. नाइलाज होता. पंजे रोवले, मागचा भाग आकाशाकडे नेला, आणि पँटची मागची शिवण गेली. घर रिकामं असल्यामुळे तो आवाज दोनदा ऐकू आला. शेजारच्या सुनेने तोंडात पदर कोंबला. मी एवढंच म्हटलं की ही शिवण माझ्या हातची नाही.

शिवण मी तिथेच मशीनवर घालून दिली, तो माझी चादर गुंडाळून उभा असताना. पुन्हा खाली बसायला मात्र तो तयार झाला नाही. निघताना म्हणाला, घर तुझं, अटही राहू दे, पण कृपा करून यंत्र कानात घालून छत बघत जा. बंबवाल्यांनी पडलेल्या चेहऱ्याने नवी चौकट आणि नवं दार बसवून दिलं. जुनं दार आत पडलं होतं ते तसंच राहिलं.

आता शेवटचं, आणि हे तुमच्या-माझ्यात. थंडी पडल्यावर फरशी फार गार लागायला लागली. रोज पालथं होऊन आकाश दाखवण्याचाही कंटाळा येतो. गुरूसुद्धा आता सरळ चालते, वर्ग सोडून गेली. तेव्हा ते जुनं दार मी विटांच्या चार थप्प्यांवर आडवं टाकलं आणि त्यावर चटई अंथरली. उंची साधारण पलंगाएवढी भरली. लोकांना मी अजून सांगते की मी जमिनीवर झोपते. दाराची कडी नेमकी उशाशी येते. दुपारी इन्स्पेक्टर माझ्याकडे असते, मला डुलकी लागली की ती येऊन कडी वाजवते. आणि मी झोपेतच "आले, आले" म्हणत उठते, आणि जाऊन नवं दार उघडते.