हिरव्या बुरशीचं बिऱ्हाड

संत्र्यांच्या शीतगृहातली हिरवी बुरशी सकाळी प्रयोगशाळेत आली आणि जागा सोडते म्हणाली. मंदाकिनी चर्जन यांनी तिला बसायला काचेची बशी दिली.

कारण विचारण्यात अर्थ नव्हता. तोडलेली संत्री सडू नयेत म्हणून मंदाकिनीताई कित्येक वर्षं झाडपाल्याचे अर्क तपासत होत्या. तुळस झाली, गवती चहा झाला. शेवटी लवंग-दालचिनीच्या तेलाचा हात सालीवरून फिरवला आणि बुरशीला पाय ठेवायला जागा उरली नाही. तिची तक्रार नव्हती. काम चोख झालंय, असंच ती म्हणाली. तिच्या गोतावळ्यातली बाकीची मंडळी आधीच गेली होती.

"कुठे जाणार?" ताईंनी विचारलं.

"ठरलं नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय निघवेना. रोज भिंगातून तुम्हीच बघायचात."

ताईंनी शीतगृहाचे व्यवस्थापक लीलाधर बोबडे यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी होती. एक हिरवा ठिपका दिसला असता, तरी सगळा माल अडला असता आणि ताईंची खटपट पाण्यात गेली असती. "आज आवार सोड म्हना तिले," बोबडे म्हणाले. "पुढं कुठं राहते, तो आपला विषय नाही."

ताईंनी तेल न लावलेलं एक संत्रं बुरशीपुढे धरलं. ती त्यावर बसली. घरी जाताना बसमध्ये ताईंनी ते पदराखाली धरलं होतं.

जेवणाच्या टेबलाशी दुसऱ्या खुर्चीवर नेहमी इस्त्रीचे कपडे असत. ते त्यांनी उचलले. बुरशी फारसं बोलली नाही. ताईच बोलत राहिल्या. मध्येच, आपल्या हातांच्या लवंगेच्या वासाने ती घुसमटते आहे हे लक्षात आलं, तेव्हा उठून त्यांनी साबणाने पुन्हा हात धुतले.

माल पास झाला. कार्यालयात पेढे वाटले गेले. सगळ्यांनी ताईंचं अभिनंदन केलं आणि आपापल्या घरी गेले.

काही दिवसांनी संत्रं संपलं. बाजारात फळवाल्या नर्मदाबाईंनी चांगलं टणक संत्रं निवडून दिलं. ताईंनी ते परत ठेवलं आणि सालीला खरचटलेलं मागितलं.

"ते लवकर नासते, बाई. घरी कोन खाईल तसलं?"

ताईंनी तसलंच एक उचलून पिशवीत ठेवलं.

"आहे एक जण," त्या म्हणाल्या. "वाट बघत असेल."