हसतमुखे पडलेल्यांची बखर

श्री. ज्याने आपला दात मोडून लेखणी केली, परंतु ऐकले त्याहून वेगळे अक्षर लिहिले नाही, त्या गजाननास दंडवत असो. शके सोळाशे सत्त्याऐंशी, पार्थिव नाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. ज्यास आपलेसे वाटेल त्याने आपले म्हणावे. त्या राज्याने नऊ वर्षांमागे कान्हवडीच्या किल्ल्यास वेढा घातला होता, आणि वेढा फसला, आणि माणूस बहुत मेले, आणि मग हुजुरांतून हुकूम जाहला की या मसलतीची बखर व्हावी. तेव्हा दरबारचे वैजनाथशास्त्री यांनी बखर रचिली. शास्त्रीबुवा वेढ्यास गेले नव्हते. ते वाड्यात झोपाळ्यावर बसून लिहिते जाहले, आणि दोन माणसे वाळ्याचे पडदे भिजवून वारा घालीत होती, आणि त्या गार वाऱ्यात बुवांस रणभूमी दिसली. बखर मोठी नामी उतरली. तीत घोडे आकाशी उडाले, रक्ताचे पाट वाहिले परंतु कोणाच्या अंगरख्यास डाग पडला नाही, आणि जो तो छातीवर वार घेऊन हसतमुखे पडला, आणि पडता पडता प्रत्येकाने एक श्लोक म्हटला, तोही वृत्तात. तीनशे पानांत कोणास तहान लागली नाही, कोणास जुलाब जाहले नाहीत, कोणी आईस हाक मारिली नाही. आणि त्या राज्यात चाल अशी पडली की, दसऱ्याचे दिवशी गावोगावी चावडीपुढे ही बखर वाचावी, आणि वाचन संपताच, पूर्वापार मोहिमेआधी मांडीत तसे, तबकात विडे मांडावे, आणि जवान पोरांनी एकेक उचलावा. ज्याने विडा उचलिला तो मोहिमेस गेला. बखर ऐकून कोणी मागे राहत नसे. दरबारी लोक यास बखरीचा प्रताप म्हणत. यास बखरीचा गुन्हा म्हणावे ऐसे या लिहिणाराचे मत आहे, आणि ते कोणी विचारले नाही तरी येथे नोंदून ठेविले आहे.

आता मौजे वाघदरे येथे बहिरोपंत म्हणून एक कारकून राहत होते. हे कान्हवडीस खासे हजर होते. यांचे काम जखमा टिपण्याचे. कोणास कोठे लागले, कोण जगेल, कोण उद्यापर्यंत राहील, हे राहुट्यांतून फिरून लिहावे, आणि जो मेला त्याच्या घरी सरकारी पत्र धाडावे. पत्राचा मजकूर वरून ठरवून आला होता तो ऐसा की, 'तुमचे माणूस समोरासमोर वार छातीवर घेऊन, श्रीमंतांचे नाव मुखी असता, हसतमुखे पडले.' पंतांनी ऐशी चारशे पत्रे लिहिली. अक्षर मोत्यासारखे. जो खंदकात पाण्यावाचून मेला त्यासही तेच पत्र, आणि ज्यास आपलीच तोफ फुटून आतडी बाहेर आली त्यासही तेच पत्र. पंतांचा हात चालत होता आणि तोंड बंद होते. घरी आल्यावरही नऊ वर्षे तोंड बंदच राहिले, आणि लोक म्हणत, पंत मोठे गंभीर पुरुष.

पंतांस मोरेश्वर नामे एकुलता पुत्र, वय एकोणीस. त्यास शास्त्रीबुवांची बखर मुखोद्गत. एके दिवशी पंत स्नान करून येतात तो मोरेश्वर अंगणात छातीस हात लावून पडत आहे, आणि पुन्हा उठत आहे, आणि पुन्हा पडत आहे. पंतांनी विचारिले, "हे काय चालले आहे?" तो म्हणाला, "अप्पा, हसतमुखे पडण्याचा सराव करतो. पडताना तोंड वाकडे होते, ते होऊ नये." हे ऐकून पंतांनी हातचा तांब्या खाली ठेविला. त्यांनी पोरास पाशी बसवून कान्हवडीची हकिकत सांगितली. पोराने आदराने ऐकले, आणि मग म्हणाला, "अप्पा, शास्त्रीबुवांनी तेथे न जाता इतके पाहिले. तुम्ही जाऊन एवढेच पाहिलेत?" पंतांस संताप आला. तो पोराचा नव्हता. ज्याने झोपाळ्यावर बसून हे विष गुळात घोळले त्याचा होता, आणि ते वाटीत भरून घरोघर पोचविणाऱ्याचा होता, आणि तो पोचविणारा आपणच, हे ध्यानी येऊन संताप दुप्पट जाहला.

मग पंतांनी जुन्या जखमांची टिपणे बाहेर काढिली आणि दुसरी बखर लिहिली. तीत श्लोक एक नाही. वैशाखाचे ऊन, विहिरीत मेलेला उंट, आणि तेच पाणी सारे लष्कर प्याले. हिरोजी घाडगे याचा खालचा जबडा गोळ्याने गेला आणि तो दोन दिवस जिवंत होता आणि बोटाने धुळीत काहीतरी लिहीत होता, परंतु त्यास अक्षरे येत नव्हती. जखमांत किडे पडले ते काडीने काढावे तर काड्या सरल्या. रात्रंदिवस 'आये, आये' ऐसा एकच गलका, त्यात आपले कोण आणि शत्रूचे कोण हे समजेना, कारण किल्ल्यावरूनही तोच येत होता. ऐसे सारे नावनिशीवार लिहून पंत राजधानीस गेले आणि अर्ज केला की, यंदाचे दसऱ्यास गावोगावी ही वाचावी.

दरबारात बखर वाचून घेतली. आणि मौज ऐसी जाहली की ती सर्वांस फार आवडली. फराळ आटोपून मंडळी लोडास टेकली होती, हुक्के भरले होते, आणि जबड्याची हकिकत येताच श्रीमंतांनी "पुन्हा वाचा" म्हणून फर्माविले. चिकाच्या पडद्याआडून बायकांनी इश्श करून कान झाकले, आणि किडे कसे काढिले ते मागून दासीकरवी विचारून घेतले. एक सरदार, जे कान्हवडीस पहिल्या तोफेसरशी मागे फिरले होते, ते म्हणाले, "वाहवा, याला म्हणावे लिहिणे. शास्त्रीबुवांचे आता मिळमिळीत वाटते." शास्त्रीबुवांनीही मान डोलाविली, परंतु शैली किंचित रांगडी आहे ऐसा शेरा दिला. ज्यांच्या घशाखाली हे ऐकून घास उतरू नये ते विडे चघळीत दाद देत होते. मग दिवाणजी बोलले, "ग्रंथ उत्तम आहे. दर पंधरवड्यास हुजूर वाचला जाईल. गावी मात्र नको." पंत हात जोडून म्हणाले, "साहेब, जे जाणार त्यांनी ऐकावे म्हणून लिहिला आहे." दिवाणजी हसून म्हणाले, "जाणाऱ्यांनी हे ऐकले तर जाईल कोण? आम्हांस जावयाचे नाही, म्हणून आम्ही ऐकतो." आणि बखर रेशमी रुमालात बांधून ग्रंथशाळेत कुलपात ठेविली, आणि पंतांस शालजोडी दिली. ती पंतांनी वेशीबाहेर एका झुडपावर टाकिली आणि गावचा रस्ता धरिला.

दसरा उजाडला. चावडीपुढे सारा गाव जमा जाहला. सरकारातून हवालदार मोहोरबंद तबक घेऊन आला, त्यात एकतीस विडे, कारण वाघदऱ्याहून एकतीस जवान हवे होते. हे विडे राजधानीत देवीपुढे मंत्रून येत. त्यांवाचून दुसरा विडा चालत नसे. वाचकाने बखर वाचिली, पोरांच्या अंगावर रोमांच आले, आणि मोरेश्वर पहिल्या रांगेत गुडघे टेकून बसला होता. तबक मध्ये ठेविले. चालीप्रमाणे मागल्या मोहिमेचा जो कोणी असेल त्याने उठून दोन शब्द आशीर्वादाचे बोलावे. दरसाल पंत 'यशस्वी व्हा' म्हणून बसत. यंदा ते उठले आणि गावची माणसे कशी मेली ते एकामागून एक सांगू लागले. ग्रंथ कुलपात होता, परंतु टिपणे पंतांचे डोक्यात होती. हवालदार म्हणाला, "पंत, आशीर्वाद द्या आणि बसा." पंत बसले नाहीत.

तो बायकांतून साळूबाई खराडे उठली. हिचा दादला जिवाजी कान्हवडीस गेला तो परतला नव्हता. ती म्हणाली, "पंत, माझ्या घरधन्याचं बी सांगा."

पंत म्हणाले, "जिवाजी तीन दिवस जुलाबाने खंदकात पडून होता. अंगावर वार नव्हता. म्हैस व्याली असेल का, ऐसे मला दोनदा विचारले. मग गेला."

साळूबाई म्हणाली, "व्हय, त्योच त्यो. म्हशीचंच इचारनार." आणि तिचा आवाज चढला. "नऊ वरसं त्यो कागद द्येवापाशी ठिवला. रोज फूल वाहिलं. अक्षर कुणाचं हाय त्ये?"

पंत म्हणाले, "माझे."

"मग आज खरं बोलाया काय जालं?"

पंतांनी खोटे बोलावे ऐसे त्यांस क्षणभर वाटले असेल. वाटले नसेल तर तो माणूस नव्हे. परंतु त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट केले आणि म्हणाले, "आज माझा मुलगा तिथे बसला आहे."

"तवा माझा नवरा हुता," साळूबाई म्हणाली.

आणि मग त्या बाईने जे केले ते त्या मुलखात पूर्वी कोणी केले नव्हते. विधवेने विडा खाऊ नये ही तेथील पक्की चाल. साळूबाई सरळ तबकापाशी गेली, एक विडा उचलिला, आणि सर्वांदेखत तोंडात घातला. हवालदार ओरडला, "अगं ए, विडा सरकारचा आहे." ती चावता चावता म्हणाली, "माझ्या घरचा विडा नऊ वरसांमागं उचललाय. त्यो खायाचा तेवढा ऱ्हायला हुता." तो हिरोजी घाडग्याची म्हातारी आई काठी टेकीत पुढे आली आणि म्हणाली, "हवालदारा, मानसं बी सरकारचीच हुती व्हय? मग धाडली का न्हाई माघारी?" आणि तिनेही विडा घेतला. तिला दात नव्हते, तिने तो सुनेकडून चावून बारीक करून घेतला आणि खाल्ला. मग एकामागून एक ज्या ज्या घरी पत्र आले होते तेथील बायका उठल्या. हवालदाराने हात आडवा घातला, परंतु बायकांच्या अंगास हात लावावा तर अब्रूचा प्रश्न, म्हणून तो आडवा हात तसाच राहिला. शेवटी विडे अपुरे पडले, तेव्हा तिघींनी एक मोडून खाल्ला. तबक रिकामे जाहले. मोरेश्वराने हात पुढे केला होता. त्यात काही आले नाही.

हवालदाराने राजधानीस स्वार धाडिला. दुसरे विडे मंत्रून येईतो आठ दिवस गेले, आणि मुहूर्त टळला, आणि लष्कर वाघदऱ्याच्या माणसांवाचून कूच करून गेले. दिवाणजी संतापले. पंतांची कारकुनी काढिली आणि पुन्हा लेखणी न धरण्याची ताकीद जाहली. पंत म्हणाले, "ही सजा त्या चारशे पत्रांआधी व्हावयाची होती." आणि शास्त्रीबुवांनी त्या सालच्या बखरीत नवा अध्याय घातला की, वाघदऱ्याच्या वीरांगना रणास जाण्यास इतक्या उतावीळ जाहल्या की पुरुषांच्या आधी त्यांनीच विडे उचलिले. तो अध्याय अन्य गावी दसऱ्यास वाचतात, आणि पोरे उठतात. त्यास काय म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे. या लिहिणारास लिहिण्याजोगा शब्द सापडत नाही.

माघ मासी वाघदऱ्यात ज्वारी काढणीस आली. एकतीसही जवान शिवारात हजर होते. मोरेश्वरास विळा धरता येईना. त्याचे बोट कापले, आणि एवढेसे रक्त पाहून त्यास घेरी आली आणि तो बांधावर मटकन बसला. तोंड वाकडे जाहले होते. पंतांनी धोतराची चिंधी फाडून बोटास बांधिली. मोरेश्वर म्हणाला, "अप्पा, दुखते." पंत म्हणाले, "दुखणारच."

एकूण हकिकत ऐशी: वेढा एक जाहला, बखरी दोन जाहल्या. खोटी होती ती जाणाऱ्यांस ऐकविली, खरी होती ती न जाणाऱ्यांनी ऐकिली. त्या साली मोहिमेवर जे मेले ते इतर गावांचे होते. त्यांच्या घरी पत्रे गेली, मजकूर तोच, अक्षर मात्र दुसऱ्याचे. लेखनसीमा.