खोड, साल आणि सासूबाई

मोजणीदाराचा पाय मुरगळला तो एका झाडाच्याच आळ्यात. रस्त्याकडेची झाडं मोजायचं त्याचं काम. सदा वर बघून चालायची सवय, त्यामुळे खाली बघायचं राहून गेलं. घोटा टम्म फुगला, आणि नेमकी त्याची स्वतःची गल्ली मोजायची राहिली होती.

संध्याकाळी साहेब जातीने येऊन कोपऱ्यावरच्या वाकड्या झाडाचा निकाल लावणार होते. शेजारच्या गाडीवाल्यांचा अर्ज होता, की झाड आतून पोकळ आहे, पाडावे. पोकळ कसलं, त्यांना तिथे दुसरी गाडी लावायची होती. त्या झाडाखालच्या पारावर गल्लीतली म्हातारी मंडळी रोज संध्याकाळी देवाचं गात बसायची. त्यात सगळ्यात खणखणीत आवाज मोजणीदाराच्या सासूबाईंचा. गाणं गोडच, पण झाडाखालचं. झाड गेलं की ही सगळी मंडळी टाळ्या वाजवत आपल्याच दिवाणखान्यात येऊन बसणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"कागद भरला नाही तर साहेब सरळ अर्जावर सही करून मोकळे होतील," तो कण्हत म्हणाला.

"मग मी जाते," सासूबाईंनी पदर खोचला.

"आई, ते तुम्हाला नाही जमायचं."

"एवढी माणसं ओळखली जन्मात, झाडं काय मला चुकवून जातील? काय लिहायचं ते सांगा."

"टेपने घेर. मग साल, मग खोड. शेवटी शेरा, राखावे की तोडावे. कळलं?"

"न कळायला काय झालंय, जावईबापू? रकाने छापलेलेच आहेत की."

छापलेले होते, तिथेच तर घात झाला. ती साल की ते साल, ते खोड की ती खोड, हे छापणाऱ्याने कुठे छापलं होतं? सासूबाई बुंध्याला बुंधाच म्हणत. खोड म्हणजे त्यांच्या लेखी वाईट सवय, आणि त्या विषयात त्यांना कोणी काही शिकवायची गरज नव्हती.

पहिलं झाड शिंप्याच्या दुकानापुढे. "दादा, याचं साल कुठलं हो?"

"दुकान टाकलं त्याच्या आदल्या साली लावलंय, मावशी."

"आणि याला खोड काय?"

शिंप्याने कात्री खाली ठेवली. मग त्याचा बांध फुटला. "मावशी, इतक्या वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या. कापड बेतायला घेतलं की हे वरून पान टाकतं. इतर वेळी नाही. मुद्दाम करतं."

सासूबाईंनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

दुसरं झाड शिक्षिकाबाईंच्या दारात. बाई कौतुकाने म्हणाल्या, "हे तर माझ्या बाबांनी लावलं, मी जन्मले त्याच साली," आणि ओघात सालही सांगून बसल्या. आत त्यांचे यजमान दाढी करत होते. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि वस्तरा थांबला. लग्न झाल्यापासून तीन वर्षांनी लहान असलेली बायको एका क्षणात दोन वर्षांनी मोठी झाली होती.

गालाला तसाच साबण लावून ते मोजणीदाराच्या घरी धडकले.

"तुमच्या खात्याला बायकांच्या जन्मसालाशी काय करायचंय हो?"

"जन्मसाल? छे हो, फक्त झाडाची साल."

"झाडाचं साल तेच हिचं साल! आता मी वर्षानुवर्षं वडीलकीच्या नात्याने हिला जो उपदेश केला, त्याचं काय?"

पाठोपाठ शिंपी आला. "दादा, मावशींनी खोड लिहून नेली. आता त्या झाडाला समज कधी देणार?"

मोजणीदाराच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. "अगं," तो बायकोला ओरडला, "धाव, आईंना थांबव!"

"आई कागद घेऊन कधीच कोपऱ्यावर गेली. साहेबपण आलेत."

शेवटी शिंप्याने आणि साबणवाल्या यजमानांनी मोजणीदाराला खुर्चीसकट उचलून कोपऱ्यावर नेलं. वाटभर यजमान वजाबाकी पुन्हा पुन्हा सांगत होते.

झाडाखाली साहेब चष्मा पुसत उभे होते. "बाई, साल खडबडीत की गुळगुळीत, एवढंच लिहायचं होतं."

"साल कधी खडबडीत असतं होय? बरं असतं नाहीतर वाईट असतं."

"आई, साल म्हणजे सालपट," खुर्चीतून क्षीण आवाज आला. "आणि खोड म्हणजे बुंधा."

"मग बुंधा छापायचं."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते पुढे वाचू लागले. "कोपऱ्यावरचं झाड. साल: कोणाला आठवत नाही. खोड: येईल त्याला सावलीत घेणे, ती आता सुटायची नाही. शेरा: राखावे."

"पण साहेब, झाड पोकळ आहे," गाडीवाले पुढे सरसावले. "कधीही कोसळेल."

साहेबांनी बाजूला पाहिलं. झाडाच्या ऐन सावलीत एक चकचकीत गाडी उभी होती. "ही कोणाची?"

"माझीच."

"कोसळणाऱ्या झाडाखाली लावलीत? काढा बघू आधी, उगाच नुकसान होईल."

"छे हो, ते कसलं कोसळतंय, चांगलं दणकट—" गाडीवाले बोलून गेले आणि मग गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसू लागले.

साहेबांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. म्हातारी मंडळी हळूच पारावर सरकली. साहेब मोजणीदाराकडे वळले. "तुम्ही मोजलेल्या सगळ्या शहराच्या कागदांवर नुसतं ‘ठीक, ठीक’ आहे. वाचताना झोप येते. पाय बरा झाला की या बाईंना बरोबर घ्या आणि पहिल्यापासून मोजा."

मोजणीदाराने आपला चांगला पायही चोळायला घेतला.

"थांबा, अजून एक नोंद आहे." साहेबांनी कागद उलटला. "जागा: आमच्या घरात, खुर्चीवर. घेर: दरसाल वाढतो. साल: लेकीच्या लग्नाचं. खोड: अर्धवट सांगून दुसऱ्याला कामाला लावणे." साहेबांना पुढचं अक्षर लागेना. "बाई, हा शेरा काय लिहिलाय?"

मोजणीदाराने खुर्चीतून मान पुढे काढली. सासूबाईंनी कागद हातात घेतला, जावयाच्या सुजलेल्या पायाकडे एकवार पाहिलं आणि पारावर बसता बसता म्हणाल्या,

"राखावे."